रोझमेरीची काडी हिरवी दिसते, म्हणजे ती जगली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: घरी रोझमेरीचं दोन वर्षांचं एक झाड आहे. बुडाशी ते आता लाकडासारखं झालंय आणि त्यापासून पाच-सहा रोपं करायची आहेत. बिया पेरल्या, तर अख्ख्या पाकिटातल्या तीनच उगवल्या. काड्या पाण्यात ठेवल्या, त्या खालून काळ्या पडल्या. मातीत लावलेल्या काड्या महिनाभर हिरव्यागार होत्या, पण उपटून पाहिलं तर एकही मुळी नव्हती. तिसऱ्या खेपेला लावलेल्या सहा काड्यांपैकी आता दोन उरल्या आहेत. चुकतंय कुठे?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चूक पाण्याची आहे आणि थोडी घाईची. तुमच्या हाताला गुण नाही असं अजिबात नाही. हे झाड फसवतं, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच फसवतं. मी बरीच वर्षं छाटकलमं, म्हणजे कापलेल्या काड्यांपासून रोपं, करतेय. पहिल्या दोन वर्षांत माझी जितकी रोझमेरी मेली, तितकं दुसरं कुठलंही झाड मेलं नसेल.

फसवतं कसं ते आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. रोझमेरी पुदिन्याच्या आणि तुळशीच्या कुळातली. पुदिन्याची काडी कापून ठेवली की तासाभरात मान टाकते, म्हणजे तहान लागली की लगेच बोलून दाखवते. रोझमेरी बोलत नाही. तिचं एक पान उलटं करून भिंगाखाली धरा. दोन्ही कडा आत वळलेल्या दिसतील, आणि मधल्या खोबणीत पांढऱ्या लवीचा दाट थर. पान श्वास घेतं ती छिद्रं या लवीच्या आड असतात. वरची बाजू जाड, मेणचट आणि कडक. कोरड्या, वाऱ्याच्या उतारांवर पाणी राखून जगण्यासाठी झालेली ही रचना आहे. त्यामुळे काडीला मुळी नसली, अगदी बूड कुजून गेलं असलं, तरी पानं दोन-तीन आठवडे आणि कधी कधी त्याहूनही जास्त दिवस जशीच्या तशी ताठ आणि हिरवी राहतात. आपण रोज बघतो, खूश होतो आणि वर थोडं पाणी घालतो. वासावरूनही काही कळत नाही, कारण या झाडाचं पूर्ण वाळलेलं पानसुद्धा चुरडलं की घमघमतं.

लॅटिन नावाचा अर्थ ‘समुद्राचं दव’ असा सांगतात. त्यावरून काही जण सकाळ-संध्याकाळ फवारा मारत बसतात. (ते नावही आता बदललंय. 2017 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिला साल्व्हिया प्रजातीत टाकलं, म्हणून नव्या लेबलांवर रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिसऐवजी साल्व्हिया रोझमॅरिनस दिसतं. झाड तेच आहे.) फवाऱ्याचं पाणी पानाखालच्या त्या लवीत अडकून बसतं आणि तिथून करडी बुरशी सुरू होते. फवारा ठेवून द्या.

बियांचं दोन ओळींत उरकते. रोझमेरीचं बी मुळातच कमी उगवतं आणि सावकाश उगवतं. दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून बरेच जास्त. उगवलेलं रोप हाताएवढं व्हायला वर्ष सहज जातं, आणि ते आईसारखंच निघेल याची खात्री नसते: वाढीची ढब, वास, फुलांचा रंग, काहीही वेगळं निघू शकतं. तुमच्याकडे चांगलं झाड असताना बियांच्या नादी लागायचं काही कारण नाही. ती तीन रोपं मात्र जपा, त्यातलं एखादं आवडूनही जाईल.

आता काडी. निम्मं काम काडी निवडतानाच होतं. अगदी कोवळा शेंडा बोटाने वाकवला तर लुळा पडतो. असा शेंडा मुळ्या लवकर धरू शकतो, पण त्याआधी सुकण्याची किंवा कुजण्याची भीतीही तितकीच मोठी. जून, तपकिरी सालीची फांदी कट्कन मोडते. ती कुजत नाही, पण तिला मुळ्या फुटता फुटत नाहीत. आपल्याला मधली हवी: वाकवून सोडली की परत सरळ होणारी, वरून हिरवी आणि बुडाकडे नुकती फिकट तपकिरी होऊ लागलेली. त्या वर्षीच्याच वाढीची, लांबी दहा-बारा सेंटिमीटर. कळ्या-फुलं असलेली नको. दुसरी नसेलच तर फुलं खुडून टाका, कारण फुललेल्या काडीची साठवण फुलांकडे जाते आणि मुळ्यांच्या वाट्याला कमी येतं.

आदल्या दिवशी झाडाला नीट पाणी द्या आणि सकाळी काड्या काढा. कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने पुसलेली. बोथट कात्रीने खोड चेचलं जातं, आणि कुज तिथूनच आत शिरते. काप पेराच्या किंचित खाली घ्या, म्हणजे जिथून पानांची जोडी निघते त्याच्या खाली. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्झिन हे संजीवक खोडातून खाली वाहत येतं. काप घेतल्यावर त्याची वाट बंद होते आणि ते बुडाशी साठतं. त्या साठ्याच्या इशाऱ्यावर तिथल्या पेशी मुळ्या घडवायला लागतात. म्हणून शेंडा असलेली काडी बहुधा आधी रुजते. आणि म्हणूनच काडी उलटी लावली तर रुजत नाही. हसू नका, एकाच फांदीचे दोन-तीन तुकडे करून लावताना वर-खाली कुठलं हे विसरायला होतं. मी वरचा काप सरळ घेते आणि खालचा तिरका, म्हणजे घोळ होत नाही.

खालच्या निम्म्या भागातली पानं काढून टाका, एकही पान मातीखाली जाता कामा नये. वरून खाली एका ओढीत ओरबाडलीत तर पानांबरोबर सालीची लांब पट्टी निघते. एकेक पान बाजूला ओढून काढा किंवा कात्रीने कापा. बाजूची फांदी खाली ओढून, मोठ्या खोडाच्या सालीच्या छोट्या टाचेसकट काढली तर तीही छान रुजते. त्या टाचेची शेपटी मात्र नीट छाटून घ्या.

मुळ्या फुटायची पावडर लागते का? रोझमेरी तिच्याशिवायही रुजते. पावडर लावली तर मुळ्या थोड्या लवकर आणि जास्त येतात, एवढंच. लावायचीच असेल तर आयबीए (मुळ्या आणणारं, ऑक्झिनसारखं कृत्रिम संजीवक) असलेली, हजार ते तीन हजार पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत तितके भाग) दरम्यानची घ्या. थोडी कागदावर काढा, बूड त्यात टेकवा आणि जास्तीची झटकून टाका. जास्त लावल्याने जास्त मुळ्या येत नाहीत, उलट बूड जळतं. काडी थेट डब्यात बुडवू नका, नाहीतर एका काडीची बुरशी सगळ्या डब्याला लागते. आणि दालचिनी, मध वगैरे? दालचिनी बुरशीला थोडा आळा घालते, पण मुळ्या आणत नाही. मधात तर मुळ्या आणणारं काहीच नाही. स्वच्छ कात्री या दोन्हींपेक्षा जास्त उपयोगी.

तुमची दुसरी खेप गेली ती मातीमुळे, याबद्दल मला फारशी शंका नाही. बागेची माती काडीसाठी वापरायचीच नाही. मुळी तयार होत असताना बुडाजवळच्या पेशी जोरात श्वास घेत असतात, त्यांना हवा लागते. चिकण मातीत पाणी भरलं की हवेला जागाच उरत नाही. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) वापरते. परलाइट नसेल तर जाडी, धुतलेली वाळू (बारीक वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते). कोकोपीट आधी दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं. यात खत अजिबात घालायचं नाही. मुळ्याच नाहीत तर ते खाणार कोण? मिश्रण तयार झालं की मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पसरून सुकवा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पाणी घालून निथळल्यावरही प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक चिंब थर उरतो. त्याची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो थर तीन सेंटिमीटरचा आहे. दहा सेंटिमीटर खोल कुंडीत त्याच्या वर सात सेंटिमीटर हवेशीर जागा राहते. पाच सेंटिमीटरच्या उथळ ट्रेमध्ये उरतात फक्त दोन, आणि काडीचं बूड थेट त्या चिंब थरात उभं राहतं. म्हणून रोझमेरीला उथळ ट्रे नको. निदान आठ-दहा सेंटिमीटर खोल भांडं घ्या आणि काडी चार सेंटिमीटरच्या आसपासच खोचा. तळाला खडे घातल्याने निचरा सुधारतो हा समजही सोडून द्या. खड्यांमुळे तो चिंब थर फक्त वर सरकतो, काडीच्या आणखी जवळ येतो.

काडीने मिश्रणात भोक पाडू नका, आधी पेन्सिलीने पाडा. नाहीतर पावडर वरच पुसली जाते आणि बूड खरचटतं. बोटांनी बाजूने हलकं दाबा, एकदा पाणी घाला, निथळू द्या.

ठेवायचं कुठे? भरपूर उजेड असेल पण थेट ऊन नसेल अशा जागी. वीस ते पंचवीस अंश तापमान तिला मानवतं. मिश्रण हवेपेक्षा किंचित उबदार असेल तर मुळ्या लवकर येतात, त्यामुळे थंडीत कुंड्या गार फरशीवर ठेवू नका. कडक उन्हाळा आणि सतत पावसाची ओली हवा, दोन्ही टाळता आलं तर टाळा.

झाकायचं का, यावर दोन पंथ आहेत. मुळी नसलेल्या काडीला पाणी वर खेचता येत नाही, म्हणून भोवतालची हवा दमट असलेली बरी. पण तीच दमट हवा त्या लवीत बुरशी वाढवते. मी मधला मार्ग धरते. पहिले आठ-दहा दिवस वर पारदर्शक पिशवी सैलसर, पानांना न टेकेल अशी, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं उघडी. त्यानंतर झाकण काढूनच टाकते. हवा आधीच दमट असेल तर पहिल्या दिवसापासून झाकत नाही. एका वर्षी मी झाकलेल्या वीस कुंड्या खिडकीत ठेवल्या आणि दुपारी बाहेर गेले. सकाळी तिथे सावली होती. परत येईपर्यंत ऊन सरकून बरोबर त्यांच्यावर आलेलं होतं आणि पिशव्यांच्या आत काड्या अक्षरशः शिजल्या होत्या. गंमत म्हणजे त्याही चार दिवस हिरव्या दिसत होत्या.

पाणी कधी घालायचं ते वारावर ठरवू नका. पहिल्या दिवशी पाणी निथळल्यावर कुंडी उचलून वजन हाताला कळू द्या. पुढे रोज उचलून बघा. चांगली हलकी लागली आणि वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर थर सुकलेला असला, तरच पाणी द्या, आणि दिलंत की खालून निथळेपर्यंत द्या. रोज चमचा-चमचा घालणं सगळ्यात वाईट. वरचा थर ओला दिसतो, खालचं काही कळत नाही, आणि हात मात्र थांबत नाही.

मग वाट बघायची. चार ते आठ आठवडे. साधारण दोन-तीन आठवड्यांनी बुडाशी पांढरा, खडबडीत गोळा येतो. तो कॅलस, जखमेवरची खपली म्हणा. ती मुळी नाही. याच वेळी लोक काडी उपटून बघतात, ‘काहीच नाही’ म्हणतात आणि परत खोचतात. तेवढ्यात नुकती टोक काढणारी मुळी मोडलेली असते. बघण्याचा मोह आवरत नसेल तर काड्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात लावा. तळाला भोकं पाडा, बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि आठवड्याने कागद सोडून बघा. काडीला हात न लावता कळतं. मी अजूनही दर खेपेला एक तरी असा पेला ठेवते.

पेला नसेल तर शेंड्याकडे बघा. फिकट, पोपटी रंगाची नवी पानं आली आणि येतच राहिली, तर मुळ्या धरल्या समजा. एखादी जोडी साठवणीच्या जोरावर फुटते आणि थांबते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. काडी मेलेली असली तर आधी पानाची चकाकी जाते, रंग राखाडी होतो आणि बोट लावलं की पानं गळतात. बूड काळं आणि वर अजून ताजं असेल तर काडी टाकू नका. काळ्या भागाच्या बरंच वर, आतून पांढरट-हिरवं खोड दिसेपर्यंत कापा आणि नव्या मिश्रणात पुन्हा लावा. अशा निम्म्या काड्या तरी माझ्याकडे वाचतात.

पाण्यात लावू नका असं मी म्हणणार नाही. रोझमेरी पाण्यात रुजते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुळ्या दिसतात. तुमच्या काड्या काळ्या पडल्या, कारण बहुतेक पानं पाण्यात बुडलेली असावीत किंवा पाणी बदललं जात नसावं. फक्त खालचे तीन-चार सेंटिमीटर पाण्यात, पानाचा मागमूस नाही, पाणी दर दोन दिवसांनी नवं, आणि बाटली गडद रंगाची, म्हणजे शेवाळ धरणार नाही. खरी अडचण पुढे येते. पाण्यात वाढलेली मुळी ठिसूळ असते आणि तिच्यावरचे मूळरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, तोकडे असतात. कोरड्या मिश्रणात ती एकदम गांगरते. म्हणून मुळ्या दोन-तीन सेंटिमीटरच्या झाल्या की लगेच मिश्रणात हलवा, बाटलीत जाळं होईपर्यंत थांबू नका. पहिला आठवडा मिश्रण नेहमीपेक्षा ओलसर ठेवा, मग हळूहळू दोन पाण्यांमधलं अंतर वाढवा.

तुमचं झाड बुडाशी निबर झालंय, तर माझ्या मते तुम्ही निदान एक-दोन दाबकलमं, म्हणजे फांदी झाडावर असतानाच मातीत दाबून रुजवणं, कराच. यात काही बिघडण्याची शक्यता सगळ्यात कमी. रोझमेरीची फांदी जमिनीला टेकली की तिथे आपोआपही मुळ्या धरते, आपण फक्त मदत करायची. खालची लवचिक फांदी निवडा. शेंड्यापासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर, जिथे ती मातीला टेकेल तिथली पानं काढा आणि खालच्या बाजूची साल नखाने किंवा सुरीने जराशी खरवडा. शेजारच्या कुंडीतल्या हलक्या मिश्रणात वाकवलेल्या तारेने ती खिळवा, वर तीन-चार सेंटिमीटर मिश्रण घाला आणि शेंडा बाहेर वर राहू द्या. वाकवताना सावकाश, निबर फांदी मध्येच चिरते. दोन ते चार महिने लागतात, पण तेवढा काळ आईचं पाणी चालू असतं, त्यामुळे सुकायची घाई नाही आणि कुजायची भीतीही कमी. मुळ्या धरल्यावर आईकडची बाजू कापा, पण लगेच उचलू नका. दोन आठवडे तिथेच स्वतःच्या मुळ्यांवर जगू द्या, मग हलवा.

मुळासकट झाडाचे दोन भाग करता येतील का, असा विचार मनात आला असेल तर तो सोडा. जुनं झाड बहुधा एकाच खोडावर उभं असतं, ते फाडलं तर दोन्ही भाग जातात. विकतच्या छोट्या कुंडीत मात्र कधी कधी चार-पाच रुजलेल्या काड्या एकत्र दाटलेल्या असतात, त्या सोडवून वेगळ्या लावता येतात.

काड्या काढताना आईचंही भान ठेवा. पानं नसलेल्या तपकिरी लाकडापर्यंत कापलंत तर तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही, ती फांदी वाळून जाते. कापाच्या खाली हिरवी पानं उरली पाहिजेत, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका.

रुजलेलं रोप आठ-दहा सेंटिमीटरच्याच कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत लावलंत तर मुळ्यांभोवतीची न वापरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. आता थोडं कंपोस्ट चालेल, पण तिसरा हिस्सा तरी परलाइट किंवा जाडी वाळू हवीच. उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत लावा: आधी सकाळचा तासभर, मग वाढवत नेऊन सहा तास. रोप पंधरा सेंटिमीटरचं झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण खुडला नाही तर एकच काठी उंच जात राहते. खुडलेला शेंडा पुरेसा लांब असेल तर तोच पुढच्या खेपेची काडी. खत महिनाभराने, तेही निम्म्या ताकदीचं. घरात ठेवत असाल तर हवा खेळती ठेवा. कोंदट जागेत पानांवर पांढरी भुरी येते, आणि फार कोरड्या जागेत कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो.

राहिल्या त्या दोन उभ्या काड्या. त्या उपटून बघू नका. कुंडी उचलून बघा. जड असेल तर हलक्या हाताने, काड्या न हलवता, कुंडी वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा. तळाचं जास्तीचं पाणी कागद शोषून घेतो. कागद भिजला की बदला, असं दोन-तीनदा करा. मग उजेडात ठेवा आणि कुंडी हाताला हलकी लागेपर्यंत पाण्याचं भांडं तिच्या जवळ नेऊ नका. शेंड्याचा आज एक फोटो काढून ठेवा, पंधरा दिवसांनी दुसरा. रोज बघणाऱ्या डोळ्याला जो फरक कळत नाही, तो दोन फोटोंत कळतो.